गाऱ्हाणे आणि गावाचा रुकार

मालवण तालुक्यात, धामापूरच्या तलावापासून डोंगर ओलांडला की गोठणकोंड हे गाव लागते. या गावात देवाशी बोलण्याचा अधिकार एकाच घराला आहे, व ते घर घाडींचे. इतर ग्रामस्थ देवाला हात जोडू शकतात, नारळ देऊ शकतात, प्रसंगी रागावूही शकतात. परंतु साऱ्या गावाच्या वतीने रवळनाथापुढे उभे राहून ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालणे आणि गाऱ्हाणे सांगणे हा मान घाडींचा. सत्यवानाच्या आज्याने तो सांभाळला, बापाने सांभाळला, आणि बाप थकल्यापासून सत्यवान तो सांभाळीत होता. त्याच्याजवळ काजूची बाग होती, थोडी भातजमीन होती आणि एक गळा होता. पैकी गळा हीच त्याची खरी मिळकत, असे गावात मानले जाई.

सत्यवानाची शाळा नववीत सुटली, परंतु वाचनाची भूक सुटली नाही. एकदा मालवणच्या एस.टी. स्थानकाजवळ रद्दीच्या दुकानात त्यास एक जुने पुस्तक मिळाले. त्याचे मुखपृष्ठ गळून गेले होते, त्यामुळे कर्त्याचे नाव कळण्यास मार्ग नव्हता. आत ग्रीस व रोम या देशांत दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या स्टोइक नावाच्या ज्ञानी पंथाचा विचार सोप्या मराठीत सांगितला होता. त्या पंथात एक गुलाम होता व एक बादशहा होता, आणि दोघेही एकच गोष्ट सांगत होते. हे वाचून सत्यवान स्तिमित झाला. कारण गोठणकोंडात सरपंच व उपसरपंच हेसुद्धा एकच गोष्ट सांगताना कधी आढळले नव्हते.

त्या विचाराचे सार असे होते. पाऊस, पीक, प्रकृती आणि लोकांनी दिलेला मान या गोष्टी आपल्या हाती नाहीत. आपल्या हाती एकच गोष्ट आहे. एखादी घटना घडली की मन लगेच म्हणते, हे वाईट झाले, किंवा हे चांगले झाले. मनाचे हे म्हणणे दारात आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखे असते. त्यास एकदम माजघरात घ्यावे, की ओसरीवर बसवून आधी विचारपूस करावी, हे घरधन्याने ठरवायचे. या आत घेण्याला पुस्तकात ‘रुकार’ असे म्हटले होते. ज्याने रुकार सांभाळला त्याने सर्व सांभाळले, हे वाक्य सत्यवानाने पेन्सिलीने अधोरेखित केले, व पेन्सिल बोथट झाल्यावर नखाने केले.

विद्या केवळ वाचून फळत नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने घरापासून आरंभ केला. एके दिवशी त्याची पत्नी लक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली व म्हणाली, “अवो, मिक्सर जळालो.”

“मिक्सर जळालो, इतक्याच खरा,” सत्यवान म्हणाला. “वायट झाला, ह्या आपण मागसून चिकटवतो.”

“म्हंजे वायट काय झाला नाय?”

“नाय.”

“बरा झाला. मगे ह्या खोबरा घेवा आनि पाट्यार वाटा.”

त्या दिवशी व पुढील कित्येक दिवस सत्यवानाने पाट्यावर खोबरे वाटले, आणि वाटताना आपल्या खांद्यात जे होत होते त्यास ‘दुखणे’ म्हणावे किंवा कसे, याचा विचार केला.

अशा अभ्यासाने त्याची दृष्टी सूक्ष्म होऊ लागली, आणि मग ज्या गोष्टीकडे त्याचे आजवर लक्ष गेले नव्हते तिकडे ते गेले. गाऱ्हाण्याची रीत अशी असते की सांगणारा एक वाक्य सांगतो, आणि त्या वाक्याच्या शेवटी जमलेले सर्वजण एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” तो गजर उठला की कौले थरथरतात. पूर्वी सत्यवानाच्या अंगावर त्या गजराने काटा येई. पुस्तक वाचल्यापासून निराळाच काटा येऊ लागला. हा रुकारच नव्हे काय? आणि हा कोणी विचार करून देत होते काय?

त्याची शंका लवकरच खरी ठरली. गावातील आंबा बागायतदार मंगेश सावंत याने नवीन पिकअप गाडी घेतली, व तिच्यासाठी सत्यवानाकडून देवापुढे गाऱ्हाणे घालून घेतले. “बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक रस्त्यात काय अपघात होव…” इथवर सत्यवान आला, आणि अगरबत्तीचा धूर घशात जाऊन त्यास ठसका लागला. ‘नको’ हा शब्द घशातच राहिला. तोच सर्वजण गर्जले, “व्हय म्हाराजा!” त्यांत मंगेशचा स्वतःचा आवाज सर्वांत मोठा होता.

सत्यवानाने ठसका आवरून वाक्य पुन्हा नीट सांगितले. मंगेशने पुन्हा तितक्याच जोराने होकार दिला. आधी कशाला दिला व नंतर कशाला, हे त्याच्या गावीही नव्हते.

त्या रात्री जेवताना सत्यवानाने आपला निश्चय लक्ष्मीस सांगितला. येत्या जत्रेत तो गाऱ्हाण्यामध्ये ज्ञानाच्या चार गोष्टी घालणार होता. देवाजवळ हे दे आणि ते दे असे मागण्यापेक्षा, जे येईल ते झेलण्याचे बळ मागावे. ते ऐकून लोक चमकतील, थबकतील, विचार करतील.

लक्ष्मीने त्याच्या ताटात भात वाढला. “देवाक सांगूचा ता सांगा. देवाक शिकवू नकात.”

“देवाक नाय. लोकांक.”

“मगे लोकांका सांगा ना. देवाक मधी कित्याक घेतास?”

या प्रश्नाची त्याने विचारपूस करायला हवी होती. परंतु माणसाला स्वतःचा बेत आवडलेला असला की तो त्यास ओसरीवर बसवीत नाही, थेट माजघरात नेतो.

जत्रेचा दिवस उजाडला. तिसऱ्या प्रहरी देवळाच्या सभामंडपात सारा गाव उभा राहिला. पुढे देवस्थान समितीचे अध्यक्ष दाजी परब होते. जत्रेचा पहिला नारळ दाजींचा. एका वर्षी गुरवाने चुकून तो त्यांच्या धाकट्या भावास आधी दिला, तेव्हापासून ते भावाशी बोलत नसत आणि गुरवाशी फक्त कामापुरते बोलत. दाजींच्या मागे मंगेश मोबाइल उंच धरून चित्रफीत काढीत होता. खांबाशी सत्यवानाचा चुलतभाऊ बाबली घाडी टेकला होता. स्त्रियांच्या बाजूला लक्ष्मी होती, आणि तिच्याजवळ म्हातारी सीताकाकी, जिला गावात कोणीही उलट बोलत नसे, कारण ती पुन्हा उलट बोले.

सत्यवानाने डोकीवरचा फेटा सारखा केला व हाक घातली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज जत्रेच्या दिवशी तुजी सगळी लेकरा तुज्या दारात येवन उबी रवली आसत…”

“व्हय म्हाराजा!”

“तेंचा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग त्याने श्वास घेतला, आणि पूर्वजांच्या वाटेवरून खाली उतरला.

“बा देवा म्हाराजा! आंब्याक मोहोर इलो तर येवंदे, नाय इलो तर रवंदे. पण आमचो जीव त्या मोहोराक टांगान ठेव नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“झिलांक नोकरी गावली तरी बरा, नाय गावली तरीव बरा, असा आमका वाटंदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मानपान म्हंजे तुज्या आंगणातलो पातेरो! रवलो तर रवलो, वाऱ्यान गेलो तर गेलो! तेच्यासाटी आमी भांडूचो नाय, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी दाजी परबांचा आवाज सर्वांहून वर होता.

गाऱ्हाणे संपले. सत्यवान पायरीपाशी उभा राहिला. आता कोणीतरी येईल, खांद्यावर हात ठेवील, निदान रागावेल, असे त्यास वाटत होते. कोणीही आले नाही. लोक खाज्याच्या दुकानांकडे पांगले. बाबली तेवढा जवळून गेला व म्हणाला, “आज वाईच लांबलास रे. माजी चाय रवली.”

एवढे ज्ञान एवढ्या माणसांच्या कानांवरून गेले, आणि एकही कान ओला झाला नाही. सत्यवान घरी गेला, व त्याने हा विषय सोडून दिला.

विषयाने मात्र त्यास सोडले नाही. पौष महिन्यात आंबा भरघोस मोहोरला, आणि नेमके त्याच वेळी मळभ दाटले. आठवडाभर सूर्य धडपणे दिसला नाही. तुडतुडा ही कीड पडली, मोहोर काळा झाला, आणि कलमांखाली त्याचा चुरा साचला. मंगेश आपल्या बागेत डोक्याला हात लावून बसला होता. मनाला विरंगुळा म्हणून त्याने मोबाइलवर जत्रेची चित्रफीत लावली. बागेत दुसरा कसलाच आवाज नसल्यामुळे, जत्रेतील गाऱ्हाणे त्याने त्या दिवशी प्रथमच ऐकले.

रविवारी सकाळी देवळात बैठक भरली. मंगेशने मोबाइल मधोमध ठेवला. ‘नाय इलो तर रवंदे’ हे शब्द निघाले, आणि पाठोपाठ साऱ्या गावाचा होकार निघाला.

दाजी परब समितीच्या कामात प्रमाण भाषा वापरीत. ते म्हणाले, “सत्यवान, सदरहू गाऱ्हाण्याबाबत समितीने आपणांकडून खुलासा मागविण्याचे ठरविले आहे. ह्या काय केलंस रे मेल्या?”

सत्यवान उभा राहिला. “मोहोर मळभान गेलो. देवगडाकडेव गेलो. थंय काय माजा गाराना नव्हता.”

“तुजो आवाज देवगडापातूर जाता, ह्या तूच सांगतंस मरे,” बाबली म्हणाला.

“आनि तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास,” सत्यवान म्हणाला.

“आमी दर वर्सा म्हणतो!” मंगेश ओरडला. “व्हय म्हणतना कोण आयकता?”

हे त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले. तेवढ्यात सीताकाकीला हसू फुटले. “मानपान म्हंजे पातेरो, आनि सगळ्यात मोट्यान व्हय कोण म्हणालो? दाजी! माका तेवाच बरा वाटलेला. म्हटला, आता भावाशी बोलतलो.”

“मी आयकूक नव्हतंय,” दाजी म्हणाले.

“तू अध्यक्ष मरे!”

दाजींनी हा मुद्दा कामकाजात घेतला नाही. पुष्कळ वादानंतर असे ठरले की गाऱ्हाण्याचा मान सत्यवानाकडून काढून त्याचा चुलतभाऊ बाबली यास द्यावा. परंतु देवाने दिलेला मान देवास विचारल्याविना काढता येत नाही. त्यासाठी कौल लावावा लागतो. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या व डाव्या अंगास ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे सांगितले जाते, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाची अनुमती, डावी पडली तर नकार. कौल दुसऱ्या दिवशी सकाळी लावण्याचे ठरले.

“पण कौलाक गाराना लागता,” गुरव हळूच म्हणाला. “ता कोण सांगतलो?”

सर्वांनी बाबलीकडे पाहिले. बाबली मागे सरकला. “माका येणा नाय हां. माका निस्ता व्हय म्हाराजा येता.”

मग सर्वांनी दाजींकडे पाहिले, दाजींनी छताकडे पाहिले, आणि शेवटी सर्वजण सत्यवानाकडे पाहू लागले.

“माजो मान काढूचा गाराना मीच सांगू?” सत्यवानाने विचारले.

“मान तुजो आसा तोपर्यंत तुकाच सांगूचा लागतला,” दाजी म्हणाले. “रीत आसा.”

सत्यवानाने ओठांवर आलेला शब्द क्षणभर थांबवला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यास न्याहाळले, व मग शांतपणे म्हणाला, “सांगतंय.” त्या शांतपणाचे स्वतःलाच कौतुक वाटत तो घरी आला.

दुपारी काजूच्या बागेत जाऊन बसेपर्यंत तो शांतपणा सरला. मान म्हणजे पातेरा, अंगणातला वाळका पाला, असे त्याने मनास सांगितले. मनाने ते ऐकून घेतले, परंतु रुकार दिला नाही. त्यास बाप आठवला. बाप त्यास ओढ्याच्या धबधब्यापाशी उभा करून गाऱ्हाणे म्हणायला लावी, आणि स्वतः पलीकडच्या काठावर जाऊन बसे. आवाज पाण्यावरून पोहोचला नाही तर हात हलवी, म्हणजे पुन्हा. ज्या वर्षी बापाचा आवाज बसला, त्या वर्षी त्याने भर सभामंडपात वाक्य अर्धे सोडून आपल्या झिलाकडे, म्हणजे मुलाकडे, पाहिले, आणि उरलेले अर्धे सत्यवानाने उचलले. त्यानंतर तो साऱ्या गावात नुसता ‘सत्यवान’ उरला नाही, ‘घाडी’ झाला. आता उद्यापासून तो कोण असणार होता? काजूच्या बिया गोळा करणारा एक मनुष्य.

पातेरा अंगणात पडलेला असतो तोवर त्यास पातेरा म्हणणे फार सोपे असते, हे सत्यवानास त्या बागेत बसून कळले. पुस्तकातील बादशहानेही मानाला तुच्छ म्हटले होते. परंतु म्हणताना तो बादशहा होता. गुलामाने म्हटले होते ते अधिक खरे असावे.

मग त्याच्या मनात एक युक्ती आली. कौल मागणे ही एक विद्या आहे. उजवी पाकळी पडली तर काय समजावे व डावी पडली तर काय, हे गाऱ्हाणे सांगणाराच देवापुढे मांडतो. मुरलेला घाडी त्या मांडणीत एक अट दुसरीत, दुसरी तिसरीत अशी गुंफू शकतो की पाकळी कोणत्याही बाजूची पडो, तिचा अर्थ पुढल्या जत्रेपर्यंत लांबणीवर पडतो. आणि तोवर मान जागच्या जागी राहतो. सत्यवानाने तसे गाऱ्हाणे मनात रचले. ते इतके सुरेख जमले की त्यास आपल्या आज्याची आठवण झाली.

संध्याकाळी त्याने ते लक्ष्मीस म्हणून दाखवले. ती तांदूळ निवडीत होती. तिने पूर्ण ऐकले.

“बरा जमलाहा,” ती म्हणाली. “कोणाक काय समजाचा नाय.”

“तेच तर!”

“जत्रेकव तसाच झाला. कोणाक काय समजूक नाय.”

लक्ष्मीने सुपातील खडा उचलून बाहेर टाकला. “मोहोर तुमी पाडलास नाय. ता सगळ्यांका ठावक आसा, मंगेशाकव ठावक आसा. पण थंय तुमी आमच्या तोंडान बोलतास. आमच्या तोंडान काय बोललास, ता आमका इचारूक नाय. लोक इचार करिनासतना व्हय म्हणतत, म्हणान तुमका राग येता ना? मगे त्याच सवयीचो फायदो तुमीच घेतलास. फाल्या सकाळच्या कौलाकव परत घेतलास.”

“मी बऱ्यासाठी केलंय.”

“चोर काय वायटासाठी करता? तोव घरच्यांच्या बऱ्यासाठीच करता.”

एवढे बोलून ती तांदूळ घेऊन आत गेली. हे बोलणे सत्यवानाने ओसरीवर बसवले. त्याची विचारपूस केली. ते कोठून आले, त्यात राग किती, लागट शब्द किती, हे सर्व वेगळे काढून पाहिले. जे उरले ते खरे होते. त्यास आत घेणे भाग होते, आणि ते आत आल्यावर युक्तीला घरात जागा उरली नाही.

सोमवारी सकाळी गाव पुन्हा सभामंडपात जमला. गुरवाने पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या. सत्यवान पुढे झाला. त्याने आवाज चढवला नाही.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! मी सत्यवान घाडी तुज्यापुढे उबो आसय. मोहोर गेलो तो मळभान गेलो, तो दोष माजो न्हय, रे म्हाराजा!”

होकार आला नाही.

सत्यवान थांबला. मागे सारा गाव उभा होता, आणि गावातील प्रत्येक मनुष्य कान देऊन ऐकत होता. एकदा पोळलेले लोक ताकही फुंकून पितात, तसे ते वाक्य सर्वजण फुंकून पाहत होते. देवळात अशी शांतता त्याच्या आज्याच्या काळीही कोणी अनुभवली नसावी.

“म्हणा रे!” दाजी कुजबुजले.

“थांब, समजून घेवंदे,” सीताकाकी म्हणाली. “सत्यवाना, परत सांग.”

सत्यवानाने परत सांगितले.

“म्हंजे मोहोराचा तेच्यार घालूचा नाय?” मंगेशने विचारले. गाऱ्हाण्याच्या मध्ये कोणी प्रश्न विचारल्याचे उदाहरण नव्हते, त्यामुळे उत्तर देवाने द्यायचे की घाडीने, हे कोणास कळेना.

“नाय,” सत्यवान म्हणाला.

मंगेशने जमिनीकडे पाहिले. त्याच्या बागेतील काळा चुरा त्याच्या डोळ्यांपुढे असावा. “देवगडात तेचा गाराना नव्हता, ह्या खरा,” तो शेवटी म्हणाला, आणि मग देवाकडे वळून, हळू आवाजात, “व्हय म्हाराजा.”

त्याच्या मागून दुसरा म्हणाला, मग तिसरा. तो होकार वळचणीच्या पाण्यासारखा थेंबाथेंबाने आला. कोणी आधी शेजाऱ्याशी बोलले व मग म्हणाले. दाजींना हा सर्व प्रकार बेशिस्त वाटला, परंतु त्यांनीही मनात वाक्य घोळवून मगच म्हटले.

“पण देवा म्हाराजा! ह्या लोकांनी माका आपला तोंड दिला. त्या तोंडान मी माजा बोललंय, तेंका इचारूक नाय. ह्या माजा चुकला, रे म्हाराजा!”

या वेळी होकार लवकर आला. स्त्रियांच्या बाजूने आधी आला.

“म्हणान हो मान माज्याकडसून बाबली घाड्याक देवचो, असा गावाच्या मनात आसा. तुका मान्य आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो. मधी काय अट नाय, रे म्हाराजा!”

सीताकाकीने डोळ्यांना पदर लावला व म्हणाली, “आवाज बरो होतो रे तुजो.” मग तीच सर्वांआधी म्हणाली, “व्हय म्हाराजा.” सर्वांच्या शेवटी बाबली म्हणाला, आणि त्याचा होकार इतका बारीक होता की गुरवाने मान वळवून तो मिळाल्याची खात्री केली.

पाकळ्या बराच वेळ चिकटून राहिल्या. मग उजवी पडली.

सत्यवानाच्या छातीत काहीतरी झाले. त्याने काही काळ त्यास कोणतेच नाव दिले नाही. नंतर त्याने त्यास दुःख म्हटले, कारण ते दुःख होते, आणि दुसरे काही म्हणणे खोटेपणाचे झाले असते. फेटा उतरवून त्याने बाबलीच्या हाती दिला. तो बाबलीच्या डोक्याला मोठा झाला.

काजूचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका सकाळी बाबली सत्यवानाच्या ओसरीवर आला व बसून राहिला. त्याने चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, पावसाचा अंदाज सांगितला, आणि उठण्याचे नाव काढीना.

“गाराना शिकूक इलंस?” सत्यवानाने विचारले.

“व्हय,” बाबली म्हणाला. “बायल म्हणता, सत्यवान शिकवचो नाय.”

न शिकवणे सत्यवानाच्या हाती होते. शिकवणेही होते. मान कोणाकडे जावा हे त्याच्या हाती कधीच नव्हते. परंतु बापाने ओढ्याकाठी उभे राहून जे दिले ते पुढे द्यावे की आपल्याबरोबर जाळून घ्यावे, हे मात्र सर्वस्वी त्याचे होते. त्याने यावर विचार करण्यास एक दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने बाबलीला ओढ्यावर नेले, आणि स्वतः पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

बाबलीचा आवाज पाण्यावरून येत नसे. सत्यवानाचा हात दुखेपर्यंत हालत राही. तरी वैशाखापर्यंत बाबलीचे अर्धे गाऱ्हाणे तयार झाले, आणि तिथे एक अडचण आली.

“हेच्या फुडे मागणा येता,” बाबली म्हणाला. “मोहोराचा काय सांगू? तुज्यासारख्या, की पूर्वीसारख्या?”

“ज्येंचो मोहोर, तेंका इचार.”

बाबलीला हे काम जड गेले, परंतु तो घरोघर फिरला. मंगेशला मोहोर हवा होता, व शेजारच्या बागेपेक्षा आधी हवा होता. दाजींना पहिल्या नारळाविषयी देवाने गुरवास स्मरण द्यावे असे वाटत होते. सीताकाकीस गुडघे हवे होते. लक्ष्मी म्हणाली, विचारायला आलास हेच पुष्कळ, मी सावकाश सांगेन; आणि अजून तिने सांगितलेले नाही. पुष्कळांना आपल्याला काय हवे हे पटकन सांगता आले नाही. ते विचार करून सांगतो म्हणाले, व त्यांच्याकडे बाबलीस पुन्हा जावे लागले. या गावात इतका विचार यापूर्वी एकाच हंगामात झालेला नव्हता, आणि बाबलीच्या चपला झिजल्या.

सर्वांत शेवटी तो सत्यवानाकडे आला.

“तुजा रवला. तुका देवाकडसून काय होया?”

सत्यवान काजूच्या बिया निवडीत होता. त्याचे हात थांबले. ओढ्याचे पाणी उन्हाळ्यामुळे आटत आले होते. आता पलीकडचा आवाज सहज ऐकू येत असे, त्यामुळे बाबलीचा गळा सुधारला की ओढा आटला हे सांगणे कठीण होते.

“मान परत होयो, असा वाटता,” तो म्हणाला.

बाबली दचकला. “ह्या कसा सांगू मी? माज्याच तोंडान?”

“सांगू नको. वाटता, ता तुका खरा काय ता सांगलंय. वाटला म्हणान मागूकच होया, असा काय नाय.”

“मगे तुज्यापुरता काय सांगू?”

सत्यवानाने हातातली बी उलटून पाहिली, पोकळ निघाली म्हणून बाजूस टाकली, व दुसरी उचलली.

“पावसाचा सांग. वेळेर येवंदे म्हणान.”

“ता सोपा आसा,” बाबली सुटकेने म्हणाला.

“सोपा कायव नसता. ‘वेळेर’ म्हणतना तुजो श्वास तुटता. उबो रव, आनि ‘बा देवा’पासून म्हण.”